आक्कांची चतुर्दशी

आक्कांनी मला खोली दिली, त्या दिवशी पहिली गोष्ट काय केली असेल तर माझी पिशवी ओट्यावर उपडी केली. माहेर कुठलं, नवरा काय करतो, भाडं परवडेल का, यातलं काही म्हणजे काही विचारलं नाही. पिशवीतनं दोन कांदे आणि लसणाचा एक गड्डा घरंगळत बाहेर आला आणि आक्का चटकन मागं सरल्या.

"हे काय गं बाई?"

"कांदे आहेत."

"कांदं हायत ते मलाबी दिसतंय. माझ्या घरात कशाला आल्यात?"

मी पाटणकडची. कोयनेच्या खोऱ्यात वाढलेली. भाकरीशेजारी बुक्कीनं फोडलेला कांदा नसला तर मला जेवल्यासारखं वाटत नाही. त्यात मी इथल्या शाळेवरच्या बदलीचा कागद घेऊन काहिलीत बसून नदी ओलांडून आलेले. काहील म्हणजे गुऱ्हाळातली गूळ करायची भलीमोठी कढई. पावसाळ्यात कृष्णेचे दोन्ही फाटे भरले की या बेटावर यायला दुसरं साधनच नव्हतं. ती कढई पाण्यात स्वतःभोवती गरगर फिरते आणि आपण देवाचं नाव घेत बसायचं. तसा जीव मुठीत धरून मी आले होते आणि इथं माझ्या कांद्यांची उलटतपासणी चालली होती. माझंही डोकं फिरलं.

"तुमच्या शेतात हळद आहे की आक्का. ती काय झाडावर लागते? तीही जमिनीखालचीच."

"वाळल्याली चालती," आक्का म्हणाल्या. "वली न्हाई. जमिनीच्या पोटात जे वलं हाय त्यात जीव आसतोय. ते त्याचं हाय. आपलं न्हाई."

कांदे तातोबाकडं गेले. तातोबा म्हणजे काहील वल्हवणारा म्हातारा, आमचा शेजारी. पुढं मी चोरून त्याच्याच घरी कांदा खायला जायला लागले. आक्कांना ते पहिल्या दिवशीच कळलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी मी उंबऱ्याशी आले तर तिथं तांब्या भरून ठेवलेला होता. "चूळ भरून ये आत," एवढंच म्हणाल्या.

आक्का सांगलीत वारल्या, त्याला आता वर्ष होत आलं. सगळं बेट त्यांना आक्काच म्हणायचं, त्यांचा सांगलीतला मुलगासुद्धा. मलाही दुसरं नाव ठाऊक नव्हतं आणि आता विचारायला त्या नाहीत.

दिवस मावळायच्या आत जेवायचं, हा त्यांच्या घरचा नियम जैनांच्या कुठल्याही घरात असतो तसाच होता. पण आक्कांचा भरवसा ना सूर्यावर ना घड्याळावर. नवऱ्याचं जुनं मनगटी घड्याळ त्या हातात घालायच्या आणि ते मुद्दाम पुढं लावून ठेवायच्या. त्यामुळं आमच्या घरात संध्याकाळ बेटाच्या आधी व्हायची. शाळा सुटून मी दमून येऊन टेकते न टेकते तोच हाक यायची, "बाई, ताट वाढलंय, दिवस बुडतोय बग!" बाहेर चांगलं लख्ख ऊन असायचं. मी म्हणायची, "आक्का, अजून पोरं खेळतायत बाहेर." तर म्हणायच्या, "पोरांला काय, ती चुकार हायत. जेव."

आणि तोंड! देवा रे देवा. जिभेला हाड नसतं म्हणतात, आक्कांच्या जिभेला होतं. एकदा बेटावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला आणि आठवडे गेले तरी वीज नाही. आक्का एकट्याच उठून वीज कंपनीच्या इंजिनिअरच्या ऑफिसात गेल्या आणि त्याच्या टेबलासमोर बसून म्हणाल्या, "सायेब, आदी तुमचा फॅन बंद करा. आमी घाम गाळतोय तवर तुमीबी गाळा." त्या बिचाऱ्यानं खरंच फॅन बंद केला म्हणे. ट्रान्सफॉर्मर त्यांच्या पाठोपाठ आला. तेव्हापासून बेटाचं काहीही अडलं की लोक एकच म्हणायचे, आक्कांना सांगा. रेशन आलं नाही, आक्कांना सांगा. शाळेचा पत्रा उडाला, आक्कांना सांगा. आणि एखादा गडी स्वतः बोलायला लागलाच तर आक्का त्याला हातानं खाली बसवायच्या. "तू गप रं. तुला बोलाय कळत न्हाई, काम नासवशील." तो गप बसायचा. बरंच वाटायचं त्याला.

अशा बाईनं महिन्यातल्या दोन्ही चतुर्दशींना मौनाचा नियम घेतलेला होता. नवरा गेल्यावर जैन मुनी महाराजांच्या पुढं जाऊन घेतला होता. मी एकदा विचारलं, मौनच का? लोक एखादी भाजी सोडतात, गोड सोडतात. तर हसून म्हणाल्या, "माजं सगळं पाप तोंडानंच हुतंय गं. हातापायानं काय म्या केलं न्हाई." त्या दिवशी सूर्य उगवल्यापासून दुसऱ्या दिवशी उगवेपर्यंत शब्द नाही, खूण नाही, मान हलवणंसुद्धा नाही. घरात आम्ही दोघीच, त्यामुळं मला फार जड जायचं. मी आपली भिंतीशी बोलल्यासारखी बडबडत बसायची. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या पहिल्याच वाक्यात माझ्या कालच्या सगळ्या बडबडीला उत्तर द्यायच्या, मुद्देसूद.

पण आक्कांचा खरा जीव होता तो विहिरीत.

नदी चारी बाजूंनी असली तरी नदीचं पाणी तोंडात घालण्यासारखं राहिलेलं नव्हतं. वरनं काय काय सोडतात आणि मग मासे पोट वर करून तरंगत येतात, हे दरवर्षी बघायचो आम्ही. बेटावर पिण्याचं पाणी एकाच विहिरीत होतं आणि ती आक्कांच्या वाड्यात नव्हे, त्यांच्या मळ्यात, सगळ्यांना मोकळी. आक्का म्हणायच्या हीर. गोड पाणी, उन्हाळ्यातसुद्धा थंडगार. पाणी ओढायला सगळं बेट यायचं, पण आक्कांचं पाणी भरणं बघायला मी मुद्दाम जायची. घागरीच्या तोंडाला दुहेरी जाड फडकं लावून पाणी गाळायच्या. हे जैनांच्या घरात बघितलंय सगळ्यांनी. पुढचं बघितलेलं नसतं. ते फडकं त्या झटकून टाकायच्या नाहीत. गाळलेल्याच पाण्यानं ते उलटं धुवायच्या आणि फडक्यावर जे काही डोळ्यांना न दिसणारं राहिलं असेल ते बादलीत घेऊन परत विहिरीत सोडायच्या. त्याला जिवाणी म्हणतात. त्यासाठी वेगळी बादली होती, तिच्या बुडालाही कडी आणि कडीला दुसरा दोर. वरनं ओतलं तर आपटून मरतील, म्हणून बादली अलगद पाण्याला टेकवायची आणि मग खालचा दोर ओढून वाकडी करायची.

"न्हेलं तितं सोडायचं," त्या म्हणायच्या. "दुसऱ्या पान्यात सोडलं तर जगत न्हाईत. ज्येचं पानी त्येलाच ठावं."

मी विज्ञान शिकवणारी बाई. मला हसू यायचं आणि हसता यायचं नाही.

मग कंपनी आली.

पहिल्यांदा नुसते डोक्यावर केशरी टोप्या घातलेले चार-दोन लोक आले, बेटाच्या वरच्या टोकाला खुंट्या मारल्या, काळ्या तारा पसरल्या आणि गेले. मग कळलं की जमिनीखाली गॅस किंवा तेल आहे का ते बघायचंय. जागोजागी भोकं पाडणार, त्यात दारू उडवणार आणि जमीन कशी हादरते त्यावरनं खाली काय आहे ते ओळखणार. आशा वाटली तर वरच्या टोकाला एक खोल बोअर. बेटाच्या खाली काही निराळं दिसतंय, असं त्यांचं म्हणणं होतं. आक्का मला घेऊन वरच्या टोकाला त्यांच्या मोठ्या साहेबांना जाऊन भेटल्या. साहेब सभ्य होता, खोटं कशाला बोलू. आक्कांना खुर्ची दिली, आजी म्हणाला.

"काय काढनार तुमी?" आक्कांनी विचारलं.

"गॅस, आजी. मिळाला तर. देशाचं भलं होईल."

"आमी जमिनीच्या पोटातला कांदासुदीक काढून खात न्हाई," आक्का म्हणाल्या, "आन तुमी काय काढाय आलाय?"

साहेब हसला. मीही हसले. मग आक्कांनी तिथनंच मळ्यातली विहीर बोटानं दाखवली आणि विचारलं, हिला काय झालं तर? साहेब म्हणाला, काही होणार नाही. त्या म्हणाल्या, झालं तर? तो म्हणाला, होणारच नाही आजी. हे असं बराच वेळ चाललं. तो दमला, त्या दमल्या नाहीत. शेवटी पंचायतीची ना-हरकत असल्याशिवाय एक खड्डाही पाडणार नाही, एवढं त्याच्या तोंडून वदवून घेऊन त्या उठल्या.

आता इथं मला बेटावरच्या लोकांची बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर मी फार शहाणी ठरेन. कंपनीनं पुलाचं सांगितलं होतं. बोअर लागली तर अवजड गाड्या आणायला नदीवर पूल बांधावा लागेल, आणि पूल काय कंपनी जाताना घेऊन जाणार नाही. बेटावर पूल म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला नाही कळायचं. तातोबाची सून बाळंत झाली ती काहिलीतच, भर प्रवाहात, वरनं पाऊस. ती वाचली, बाळ वाचलं नाही. तातोबा वल्हवत होता आणि त्याला मागं वळून बघायचीही सोय नव्हती. त्याच्या पुढं पुलाचा शब्द काढला तर तो काय करेल? आपण काय केलं असतं? तरण्या पोरांना तर वाटत होतं, पुलाबरोबर नोकऱ्याही येतील. घराघरांत भांडणं लागली. शाळेत पोरं एकमेकांना 'कंपनीवाला' आणि 'हीरवाला' म्हणून मारायला लागली, ती सोडवता सोडवता माझा घसा बसायचा.

तरीसुद्धा मी छातीठोकपणे सांगते, बोअर नको असं मनातनं वाटणारेच जास्त होते. सगळ्यांच्या घरात प्यायचं पाणी त्या एकाच विहिरीचं होतं.

ग्रामसभा दोनदा पुढं ढकलली आणि मग तारीख लागली. आक्कांनी बोटांवर तिथी मोजल्या आणि त्यांचा चेहरा उतरला. चतुर्दशी. सरपंचांच्या भिंतीला पंचांग असलेलं कॅलेंडर नव्हतं, असं मला कुणी सांगू नये. बेटावरचं शेंबडं पोरसुद्धा सांगेल आक्का कधी बोलत नाहीत ते.

मी म्हटलं, "आक्का, एक दिवस मोडा नियम. महाराजांना सांगू, प्रायश्चित्त घेऊ."

"सोयीनं मोडायचा आसंल तर त्यो नियम कसला गं? आज हिरीसाटी मोडीन, उद्या लेकासाटी, परवा निस्ती जिभंला खाज सुटली म्हून."

"मग लेखी द्या. मी लिहिते, तुम्ही अंगठा करा."

"कागूद कशाला? गावाला तोंडं हायती की."

आणि आदल्या दिवशी आक्का घरोघर फिरल्या. मी बरोबर होते म्हणून सांगते, तसं दृश्य मी पुन्हा बघितलं नाही. प्रत्येक घरात जायच्या, गड्याला समोर उभा करायच्या आणि त्याच्याकडनं म्हणवून घ्यायच्या, "हिरीला धोका हाय, आमची हरकत हाय." पोरांकडनं पाढे म्हणवून घ्यावेत तसं. कुणी पुटपुटला की, "मोट्यानं! सायेब बहिरा हाय आसं समज." कुणी लाजला की, "लगनात न्हवतास रं लाजत." एक जण 'हरकत' ऐवजी 'हारकत' म्हणाला म्हणून त्याला तिथंच थांबवून ठेवलं. तातोबाच्या घरी मात्र त्या उंबऱ्यातच थांबल्या. त्याच्या सुनेकडं बघितलं. मग हळू म्हणाल्या, "तातोबा, पूल पायजे मलाबी. पूल मागू की. मीच मागीन, तू बग. पर हीर देऊन नगो."

तातोबा म्हणाला, "व्हय आक्का. तुमी काळजी करू नगा. बोलतो की मी."

सगळेच म्हणाले. एकही घर नाही म्हणालं नाही. घरी येताना आक्का खुशीत होत्या, वाटेत मला म्हणाल्या, "बग, कशी बोलत्यात समदी. मी हाय म्हून गप बसत हुती यवढंच."

सभा शाळेतच होती. मीच सतरंज्या अंथरल्या. आक्का सगळ्यांच्या आधी येऊन अगदी पुढं बसल्या, नेहमीच्या जागेवर. मी मनात म्हटलं, बाई गं, निदान मागं बस. पण त्या दिवशी त्यांना काही सांगून उपयोग नव्हता, त्या उत्तरच देणार नव्हत्या. लोक आले. साहेबानं भिंतीवर चित्रं दाखवली, त्यात पुलाचंही चित्र होतं, पुलावर एक मोटार. लोकांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला. मग ग्रामसेवकानं विचारलं, "कुणाची हरकत?"

कुणी बोललं नाही.

बेटावरचं झाडून सगळं माणूस आक्कांकडं बघत होतं. सवयच ती. काही अडलं की तिकडं बघायचं. आणि आक्का समोरच्या फळ्याकडं बघत बसलेल्या, हात मांडीवर, पदर दातांत धरलेला. मान वळवून मागं बघितलं असतं तरी एखाद्याला कंठ फुटला असता. पण मान वळवणं म्हणजे खूण. त्यांच्या मानेची शीर ताठ झालेली मला बाजूनं दिसत होती.

मी उठले. म्हटलं, "विहिरीचं काय?" ग्रामसेवक म्हणाला, "बाई, तुमचं नाव इथल्या मतदार यादीत नाही. तुम्ही शासकीय कर्मचारी, तुम्ही बसा." मी बसले नाही, दोन वाक्यं बोललेच. ती कुणी लिहून घेतली नाहीत. मी तातोबाकडं बघितलं. तो सतरंजीचे दोरे ओढत होता.

सरपंच म्हणाले, "आक्का तर म्होरंच बसल्यात. त्येंची हरकत आसती तर त्या गप बसल्या आसत्या व्हय?"

आणि लोक हसले. वाईट मनानं नाही हसले, आक्कांच्या तोंडाचं कौतुक म्हणूनच हसले, पण हसले. त्या हसण्यात मंजूर झालं. आक्कांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांनी हातही वर नेला नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तातोबा दारात येऊन बसला. आक्का बाहेर आल्या. मला वाटलं, आता हा म्हातारा जिवंत परत जात नाही. आक्का त्याच्यासमोर जोत्यावर बसल्या आणि बारीक आवाजात म्हणाल्या, "यवढी मानसं हुती रं तातोबा. एकालाबी तोंड न्हवतं?"

तातोबा खाली मान घालून म्हणाला, "आवं आक्का, वाक्य आटवत हुतं की. हिरीला धोका हाय... समदं आटवत हुतं. पर वाटलं तुमी वळून बगशीला, मग बोलावं. आमी कवा बोललोय तुमच्याम्होरं? कवा बोलाय गेलो तर तुमीच म्हनायचा, तू गप, तुला कळत न्हाई. तीस वरसं गप बसल्याला मानूस, आक्का. येका दिसात कसं उगडायचं तोंड?" आणि मग अगदीच पुटपुटत म्हणाला, "आन त्यो पूल बी दिसत हुता भिताडावर."

आक्का उठून आत गेल्या, चहाचं आधण ठेवून परत आल्या. मग म्हणाल्या, "माजंच चुकलं. समद्या गावात माजं येकटीचंच तोंड वाडवलं मी."

त्यांनी तातोबाला चहा दिला. मला फार राग आला होता. तातोबाचा, सरपंचांचा, त्या नियमाचा आणि खरं सांगायचं तर आक्कांचासुद्धा. पण त्या स्वतःवर इतक्या चिडलेल्या होत्या की माझ्या रागाला जागाच उरली नाही.

त्या साहेबाकडं गेल्या एकदा. त्यानं तितक्याच सभ्यपणानं सांगितलं, "आजी, ठराव एकमतानं झालाय. आपण स्वतः हजर होता." आक्का उठून आल्या. त्या दिवसापासून त्यांचं बोलणं कमी झालं. रेशनचं काही अडलं तर लोक अजूनही सांगायला यायचे, तर म्हणायच्या, "तू जा. तू बोल. चुकलं तर चुकू दे."

दारू उडवायला लागले तेव्हा जमीन हादरायची. आम्ही कोयनेची माणसं, जमीन हलली की आमचे पाय डोक्याच्या आधी पळतात. मी पोरांना घेऊन मैदानात यायची. तिथनं मळा दिसायचा. आक्का विहिरीच्या काठावर हात ठेवून उभ्या असायच्या, आजारी गुराच्या पाठीवर ठेवावा तसा. मग वरच्या टोकाला, सुटं करून तराफ्यावरनं आणलेलं मोठं मशीन लागलं, ते पाऊसकाळ संपल्यापासून उन्हाळ्यापर्यंत घरघरत होतं. आणि एक दिवस थांबलं. काही निघालं नव्हतं, किंवा निघालं ते कामाचं नव्हतं, आम्हाला कोण सांगतंय? टोप्या गेल्या, मशीन गेलं. पुलाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही.

विहिरीचं पाणी त्याच उन्हाळ्यात उतरायला लागलं. आधी गढूळ झालं, मग त्याला वास यायला लागला, मग एकेक पायरी उघडी पडत गेली. पायऱ्यांना कधी ऊन लागलेलं नव्हतं, त्या हिरव्याच होत्या. कंपनीचं म्हणणं, याचा त्याचा काही संबंध नाही. पाऊस कमी झाला होता, हेही खरं. कशानं झालं ते आजवर कुणी ठामपणे सांगितलेलं नाही, आणि मीही शपथेवर सांगू शकत नाही. मी एवढंच सांगते की तातोबाच्या आज्याच्या काळातल्या दुष्काळातसुद्धा ती विहीर आटली नव्हती.

मग टँकर. उन्हाळ्यात नदीचा एक फाटा कोरडा पडतो, त्या वाळूतनं तो यायचा. आणि इथं आक्कांची खरी पंचाईत झाली. टँकरचं पाणी गाळायच्या, पण जिवाणी सोडायची कुठं? ते पाणी कुठल्या विहिरीचं? ड्रायव्हरला विचारलं तर तो म्हणाला, पलीकडच्या गावच्या शिवारातली आहे कुठली तरी. झालं! आक्का झाकणाची किटली घेऊन ड्रायव्हरशेजारी बसून निघाल्या. ती एवढीशी किटली त्या विहिरीत सोडून परत आल्या. पुढच्या खेपेला पुन्हा. ड्रायव्हर आधी चेष्टा करायचा, मग स्वतःच हॉर्न वाजवून थांबायला लागला. "आक्का, हाय का किटली?" सांगलीहून मुलगा फोनवर ओरडायचा की या वयात टँकरमधनं कसल्या फिरताय. आक्का मला म्हणायच्या, "त्येला म्हनावं, ज्येचं त्येला पोचवाय जातीया."

मुलाचं सांगलीत हळदीचं दुकान, माणूस चांगला. दुसऱ्या उन्हाळ्यात तो टेंपो घेऊनच आला. म्हणाला, बास झालं, चला. विहिरीत तेव्हा कोपऱ्यात नुसतं डबकं उरलं होतं आणि पंचायत ती बुजवून टाकायचं म्हणत होती, पोरं पडतील म्हणून. आक्का म्हणाल्या, येते. पण आधी हिरीतलं जीव काढायचं.

मला वाटलं, आता बेटावरचे हसणार. नाही हसले. तातोबा या वयात दोर धरून खाली उतरला. मागोमाग ती तरणी पोरं उतरली, जी एकेकाळी कंपनीच्या नोकरीची वाट बघत होती. घमेली खाली गेली. चिखलातनं मासे निघाले, बेडक्या निघाल्या, आणि शेवटी एक कासव निघालं, जुनं, पाठीवर शेवाळ. ते विहिरीत आहे हे आक्कांशिवाय कुणाला माहीतच नव्हतं. सगळं घागरींत आणि पिंपात घातलं. नदीत सोडायचं नाही, असं आक्कांनी आधीच बजावलं होतं. नदीचे मासेच मरत होते तिथं ही काय जगणार. मग टेंपो वाळूतनं पलीकडं काढला. मुलगा चालवत होता, आक्का पुढं, मी आणि तातोबा मागं ती पिंपं धरून.

पहिल्या मळ्यातला माणूस आक्कांना ओळखत होता. पाया पडला. पण पिंपात बघून म्हणाला, "आवं, बेटावरच्या हिरीतलं व्हय? त्या पान्याचा वास येतोय म्हनं. नगो आक्का, आमचं प्यायाचं पानी हाय." दुसऱ्या मळ्यातली बाई दारातनंच म्हणाली, "मालक घरात न्हाईत." मालक मागच्या अंगणात दिसत होते. ज्या बाईनं इंजिनिअरचा फॅन बंद करायला लावला, ती दोन्ही हात जोडून लोकांच्या मळ्यात उभी राहत होती आणि नाही म्हटलं की वळून टेंपोत येऊन बसत होती. मला ते बघवेना. मी तातोबाला म्हटलं, तुम्ही तरी सांगा काहीतरी.

तिसऱ्या मळ्यात एक शेतकरी मोटर दुरुस्त करत बसला होता. त्यानंही पिंपात बघितलं आणि मान हलवायला लागला. आणि तातोबा टेंपोतनं खाली उतरला. मोठ्यानं, अगदी साहेब बहिरा आहे असं समजून, तो बोलायला लागला, "आमची हीर गेली. आमी गप बसलो म्हून गेली. ह्या जीवांची काय चूक न्हाई. घ्या जी त्येस्नी." त्या शेतकऱ्यानं हातातला पाना खाली ठेवला आणि उठून म्हणाला, "सोडा. पायऱ्यांवनं जपून जावा."

आक्का स्वतः खाली उतरल्या. मासे गेले, बेडक्या गेल्या. कासव पायरीवर ठेवलं तर ते डोकं आत घेऊन तसंच बसलं. आक्काही त्याच्याशेजारी बसल्या. उन्हं कलली, मुलगा वरनं हाका मारत होता, अंधार पडायच्या आत सांगली गाठायची होती. शेवटी कधीतरी त्यानं डोकं बाहेर काढलं, इकडंतिकडं बघितलं आणि पाण्यात उतरलं. आम्ही वाट बघितली, पण ते परत वर आलं नाही.

मुलानं हात धरून आक्कांना वर आणलं. बेटाकडं जायची वाट डावीकडं होती आणि सांगलीची उजवीकडं. त्यांनी डावीकडं बघितलंच नाही. टेंपोत चढताना पाय उचलेना, म्हणून मी खालनं आधार दिला. तेव्हा मुलाला म्हणाल्या, "न्हे बाबा. मलाबी सोड आता कुटंतरी, घेतील तितं."